मृदंगाच्या धुमेचा नाद : साहित्य, हात आणि कान

१

मृदंगवादनाविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्यात वादकाच्या नादाचे वर्णन करणारी विशेषणे विपुल आहेत. ‘भरदार’, ‘गंभीर’, ‘घुमारेदार’, ‘बसका’, ‘कोरडा’, ‘पोकळ’ हे शब्द समीक्षक, कीर्तनकार आणि रसिक सारख्याच सहजतेने वापरतात. थोडे बारकाईने पाहिले असता असे आढळते की, ही बहुतेक विशेषणे मृदंगाच्या उजव्या मुखाला, म्हणजे शाईला, उद्देशून नसून डाव्या मुखाला, म्हणजे धुमेला, उद्देशून असतात. उजव्या मुखाचा स्वर चढला की उतरला, हे सामान्य श्रोताही सांगू शकतो. धुमेचा खर्ज मात्र स्वर म्हणून कमी आणि नादाचा पोत म्हणून अधिक जाणवतो. म्हणूनच त्याच्यासाठी विशेषणांची गरज पडते.

परंतु विशेषण म्हणजे कारणमीमांसा नव्हे. एखाद्या वादकाची धूम कोरडी वाटते, याचे कारण त्याच्या पुडीत आहे, कणकेत आहे, पंजात आहे, की श्रोता जेथे बसला आहे त्या जागेत आहे, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. त्याऐवजी दोन ठरीव उत्तरे पुढे केली जातात. पहिले उत्तर साहित्यवादी : खोड चांगले, कातडे चांगले, पुडी चांगली भरलेली, म्हणून नाद चांगला. दुसरे उत्तर हस्तवादी : वाद्य कोणतेही असो, नाद हातात असतो, ज्याला हात आहे त्याच्या हाती मडकेही बोलते. ही दोन्ही उत्तरे परस्परविरुद्ध असूनही एकाच व्यक्तीच्या तोंडी प्रसंगानुसार आढळतात, आणि येथेच समीक्षेचा गोंधळ सुरू होतो.

हा गोंधळ केवळ शब्दांचा असता, तर त्याची फारशी चिंता करण्याचे कारण नव्हते. परंतु त्याचे परिणाम शिकणाऱ्या मुलांवर होतात. खानदेशात वारकरी कीर्तनाची परंपरा दाट आहे. मुक्ताईनगरचे मुक्ताईचे स्थान आणि अमळनेरचे सखाराम महाराजांचे संस्थान ही तिची मोठी केंद्रे. त्यांच्या अवतीभोवती गावोगाव हरिनाम सप्ताह होतात. अशा सप्ताहांत मृदंगावर बसणाऱ्या विद्यार्थ्याला ‘तुला हात नाही’ असा शेरा मिळाला, तर तो शेरा त्याच्या आयुष्याला वळण देऊ शकतो. तो शेरा खरा आहे की दोष अन्यत्र आहे, हे ठरवण्याची कसोटी समीक्षेजवळ असली पाहिजे. प्रस्तुत विवेचनाचा हेतू अशी कसोटी कोणत्या घटकांची बनते हे पाहणे, एवढाच आहे.

विवेचनाला एक ठिकाण समोर असावे म्हणून नरडाण्याचा विचार करणे सोयीचे होईल. धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील हे गाव सुरत–भुसावळ लोहमार्गावर आणि मुंबई–आग्रा महामार्गावर वसलेले आहे. उन्हाळ्यात येथील तपमान चाळीस अंशांच्या वर जाते, हवा कोरडी पडते. पावसाळ्यात तीच हवा दमट होते. कीर्तन उघड्या मांडवात चालते. धुमेच्या नादाला प्रतिकूल किंवा अनुकूल ठरणाऱ्या जवळजवळ सर्व गोष्टी अशा गावी एकत्र येतात. म्हणून शहरातील बंद सभागृहापेक्षा हे उदाहरण अभ्यासकाला अधिक उपयोगी आहे.

२

साहित्यवादाचा पक्ष प्रथम पाहू. त्याला शास्त्राचा आणि परंपरेचा भक्कम आधार आहे. चर्मवाद्याच्या मुखावर लेप द्यावा, ही कल्पना भरताइतकी जुनी आहे. नाट्यशास्त्रात पुष्करवाद्यांच्या मार्जनेसाठी नदीकाठच्या काळ्या मातीचा लेप सांगितला असून, ती न मिळाल्यास गव्हाच्या वा जवाच्या पिठाचा पर्यायही दिला आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने भात आणि राख यांच्या लेपाचे वर्णन केले आहे. याचा अर्थ असा की, आज नरडाण्याच्या मांडवात मृदंगवादक कीर्तनापूर्वी कणीक मळून धुमेला लावतो, ती कृती ग्रामीण गैरसोयीतून निघालेली नसून एका दीर्घ विचारपरंपरेचा जिवंत अवशेष आहे.

या लेपाने नेमके काय साधते, याचा उलगडा विसाव्या शतकात झाला. साधे, गोल, सर्वत्र सारख्या जाडीचे कातडे ताणून त्यावर आघात केला, तर त्यातून निघणारे उपस्वर मूळ स्वराच्या सरळ पटीत नसतात. मूळ कंपनसंख्या १ मानल्यास पुढील कंपने सुमारे १·५९, २·१४, २·३० आणि २·६५ अशा अडनिड्या प्रमाणांत येतात. कानाला त्यांचा एक स्वर बनवता येत नाही. तो ‘धप्प’ असा आवाज राहतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात शिवकाली कुमार यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या टिपणात, आणि पुढे १९३० नंतरच्या दशकातील सविस्तर लेखात, असे दाखवून दिले की भारतीय तालवाद्यांच्या मुखावरील शाई या अडनिड्या प्रमाणांना वळण लावते. निरनिराळ्या नऊ कंपनप्रकारांची सांगड अशी बसते की, त्यांतून एकास दोन, तीन, चार, पाच या पटीतील पाचच स्वर शिल्लक राहतात. गोंगाट करणारे कातडे गाऊ लागते, ते या मधल्या भारामुळे.

रामन यांचे विवेचन मुख्यतः मध्यभागी शाई असलेल्या मुखाचे आहे. डग्ग्याची शाई मध्यभागी नसून एका बाजूला सरकलेली असते; त्या रचनेचे गणित बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील बी. एस. रामकृष्ण यांनी १९५७ साली मांडले. तमाशातील ढोलकीच्या धुमेला मसाला लावतात तो आतल्या अंगाने. म्हणजे महाराष्ट्रात ऐकू येणाऱ्या तीन प्रमुख खर्जमुखांत भाराची तीन वेगळी व्यवस्था आहे : डग्ग्यावर कायमची आणि एका बाजूला, ढोलकीत कायमची आणि आतून, आणि मृदंगाच्या धुमेवर दर वेळी नव्याने आणि वरून. या तिन्हींचा खर्ज ऐकताना वेगळा वाटतो, याचे पहिले कारण ही व्यवस्था होय; वादक त्यानंतर येतो. इथपर्यंत साहित्यवाद्यांचे म्हणणे मान्य केलेच पाहिजे.

त्यांची चूक पुढच्या पायरीवर होते. ते वाद्याला एकदा घडवलेली, पूर्ण झालेली वस्तू समजतात. खोड कोणत्या लाकडाचे, कातडे कोठले, पुडी कोणी भरली, यांची चर्चा ते उत्साहाने करतात. पण धुमेच्या बाबतीत वाद्य प्रत्येक कीर्तनापूर्वी अपूर्णच असते, ही गोष्ट त्यांच्या हिशेबातून सुटते. कणीक लागेपर्यंत धूम हे केवळ ताणलेले कातडे आहे. तिचा नाद विकत घेता येत नाही. तो रोज तयार करावा लागतो.

३

कणकेचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा. कारण साहित्य आणि हात यांच्यामधली सीमारेषा नेमकी येथे पुसली जाते.

ताणलेल्या पडद्याची कंपनसंख्या दोन गोष्टींवर अवलंबून असते : ताण वाढला की ती वाढते, भार वाढला की घटते. हा संबंध वर्गमुळाचा आहे. आदर्श पडद्याचा ताण चौपट केला, तर स्वर दुप्पट, म्हणजे एक सप्तक वर जातो. या नियमाचा व्यावहारिक अर्थ असा की, केवळ वादी सैल करून धूम खर्जात उतरवावयाची म्हटले, तर ताण इतका कमी करावा लागेल की कातडे लुळे पडेल आणि आघाताला उत्तरच देणार नाही. उलट भार वाढवला, तर कातड्याचा ताण राखूनही स्वर खाली आणता येतो. कणीक हे काम करते. धूम घट्ट राहते आणि तरीही खोल बोलते. ‘भरदार’ या विशेषणाचा भौतिक आशय असेल, तर तो पुष्कळसा हाच : ताणाने टिकवलेली शक्ती आणि भाराने आणलेली खोली.

आता कणीक किती, किती सैल, किती रुंद आणि कोठे जाड, हे सर्व वादकाच्या बोटांवर आहे. गोळा लहान आणि मध्यभागी उंच ठेवला की एक नाद. तोच पसरून पातळ केला की दुसरा. कणीक घट्ट मळली असेल तर कडा नीट चिकटत नाहीत आणि नादात फरफर येते; फार सैल असेल तर ती स्वतःच कंपनाची शक्ती गिळते आणि नाद आखूड होतो. थोडी कणीक काढली की स्वर चढतो, थोडी लावली की उतरतो. कुशल वादक हे दोन अभंगांच्या मधल्या अवकाशात करतो, आणि श्रोत्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

त्यात नरडाण्याची हवा भर घालते. कोरड्या उन्हाळ्यात कणकेतले पाणी उडून जाते. तिचा भार घटतो, ती कडक होते आणि कातडेही सुकून ताणले जाते; तिन्ही परिणाम एकाच दिशेचे, म्हणजे धूम वर चढवणारे. कीर्तनाच्या आरंभी शाईच्या षड्जाखाली मंद्रात नीट बसलेली धूम तास-दीड तासाने तिच्यापासून फटकून राहते. वादकाने मधून मधून पाण्याचे बोट फिरवले नाही, तर उत्तररंगात, म्हणजे जेथे कीर्तन रंगात येते आणि धुमेची सर्वांत अधिक गरज असते तेथेच, नाद कोरडा पडतो. पावसाळ्यात क्रम उलटा : कातडे दमट होऊन सैलावते, कणीक वाळत नाही, धूम बसते, वादी ओढून किंवा गठ्ठे ठोकून ताण परत आणावा लागतो. तात्पर्य, एकाच वादकाची धूम वैशाखात कोरडी आणि श्रावणात बसकी ऐकू आली, तर तो त्याच्या हाताचा दोष ठरत नाही. मात्र ती तशीच राहू दिली, तर तो त्याच्या कानाचा दोष ठरतो. हा भेद महत्त्वाचा आहे, आणि पुढे त्याकडे पुन्हा वळावे लागेल.

४

हस्तवादाचा पक्ष आता तपासू. हात नादावर काय करू शकतो, याचे उत्तर ‘सर्व काही’ असे देण्याची रीत आहे. वस्तुतः हाताची कामे मोजकी आहेत, आणि मोजकी आहेत म्हणूनच ती अभ्यासता येतात.

पहिले काम आघाताच्या जागेचे. मुखाच्या अगदी मध्यावर आघात केला, तर ज्या कंपनांची शांत रेषा मध्यातून जाते ती कंपने उठतच नाहीत. आघात कडेकडे सरकला की ती जागी होतात आणि नादात उपस्वरांची गर्दी वाढते. दुसरे काम स्पर्शाच्या रुंदीचे आणि काळाचे. संपूर्ण पंजाची थाप कातड्यावर अधिक क्षेत्रात आणि किंचित अधिक काळ टेकते. त्यामुळे बारीक उपस्वर जन्मतःच दबतात आणि नाद गोल होतो. बोटाचा निसटता आघात याच्या उलट परिणाम करतो. तिसरे काम सोडण्याचे. हात उचलला तर नाद खुला, ठेवला तर बंद. ‘ग’ आणि ‘क’ या वर्णांतील फरक आघातात नसून आघातानंतरच्या हातात आहे. चौथे काम दाबण्याचे : मनगटाचा भार कातड्यावर सरकवून नाद वाजत असतानाच त्याचा स्वर वर नेणे.

या चौथ्या कामाच्या बाबतीत डग्गा आणि धूम यांची वाट वेगळी होते. डग्ग्यावर मनगट टेकलेले असते आणि बोटे आघात करतात. त्यामुळे आघात झाल्यावरही नाद वादकाच्या ताब्यात राहतो. त्यातूनच डग्ग्याची मींड आणि घिस्सा निर्माण होतात. मृदंगाच्या धुमेवर उघडी थाप पडते आणि हात सुटतो. वर ओली कणीक असल्याने घासण्याला वावही नाही. म्हणून असे सूत्र मांडता येईल की, डग्ग्याचा नाद पुष्कळसा आघातानंतर घडतो, धुमेचा नाद पुष्कळसा आघातापूर्वी घडलेला असतो. एकाची कला नाद वळवण्याची, दुसऱ्याची नाद सिद्ध करून सोडून देण्याची.

हे सूत्र लक्षात न घेतल्याने समीक्षेत एक अन्याय रूढ झाला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तबल्याच्या ध्वनिमुद्रिकांनी श्रोत्यांचा कान घडवला. बनारस परंपरेतील सामताप्रसाद यांचा बोलता, वळता डग्गा, किंवा झाकिर हुसेन (१९५१–२०२४) यांनी डग्ग्यावर सुरावटीच काढून दाखवण्यापर्यंत नेलेली मींड, हे खर्जाचे आदर्श झाले. त्या आदर्शाने धूम ऐकली की ती ‘ठोकळ’ आणि ‘एकसुरी’ वाटते. परंतु वळणे हे जिचे कामच नव्हे, तिला वळत नाही म्हणून दोष देणे ही समीक्षा नव्हे. खुद्द तबल्यातही सर्वांनी हाच आदर्श मानला नव्हता. गंधर्व नाटक मंडळीत दीर्घकाळ साथ केलेले अहमदजान थिरकवाँ (मृत्यू १९७६) यांच्या वादनात डावा हात उजव्याला तोलून धरणारा, मोजका आणि संयत आहे. त्या संयमामुळेच त्यांचा प्रत्येक वर्ण सुटा आणि स्वच्छ ऐकू येतो. दोन श्रेष्ठ वादक, दोन्ही डग्गे धातूचेच, आणि नाद इतका भिन्न : येथे हस्तवाद्यांचे म्हणणे खरे ठरते. पण त्यात भर घालावी लागते ती अशी की, येथे हातामागे एक सौंदर्यविषयक निर्णय उभा आहे. खर्जाने पुढे यावे की मागे राहून आधार द्यावा, याचे उत्तर आधी ठरते. हात ते अमलात आणतो.

पखवाजाच्या घराण्यांविषयी जे लिहिले जाते, त्यालाही हीच कसोटी लावली पाहिजे. कुदऊसिंग यांची परंपरा जोरकस आणि नाना पानसे यांची मृदू व मधुर, असे सर्वत्र म्हटले जाते. नाना पानसे हे मूळचे महाराष्ट्रातील. एकोणिसाव्या शतकात त्यांची कीर्ती झाली ती इंदूरास, म्हणजे नरडाण्यावरून जाणाऱ्या आग्रा मार्गानेच पुढे लागणाऱ्या नगरीत. त्यांच्या शैलीला ‘मृदू’ म्हणताना आघाताचा जोर कमी, की पंजा अधिक भरलेला, की बोलांची निवड वेगळी, की लयीची मांडणी सुटसुटीत, हे सांगितले जात नाही. ‘मृदू’ हा शब्द कानाचा अनुभव सांगतो, हाताची कृती सांगत नाही. जोवर समीक्षा पहिल्यावरून दुसऱ्याकडे जात नाही, तोवर विद्यार्थ्याला तिचा उपयोग नाही.

हा प्रश्न केवळ आपल्या वाद्यांचा नाही. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात १९५१ साली लिओ फेंडर यांची विजेवर चालणारी बेस गिटार आली, आणि तिच्या वादकांतही नाद तारांत की बोटांत, हा वाद तितक्याच आवेशाने चालतो. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीसाठी वाजवणारा जेम्स जेमर्सन (१९३६–१९८३) आणि फ्लोरिडाचा जॅको पास्टोरियस (१९५१–१९८७) ही त्याची दोन टोके. जेमर्सनने जाड, गुळगुळीत तारा वर्षानुवर्षे बदलल्या नाहीत, घोडीजवळ तारांखाली स्पंजाचा तुकडा ठेवला आणि केवळ तर्जनीने वाजवले. त्याचा नाद आखूड, गोल आणि ठाम. पास्टोरियसने गिटारीचे पडदे काढलेले वाद्य वापरले आणि घोडीच्या जवळ आघात केला. त्याचा नाद लांब, वळणारा आणि उपस्वरांनी भरलेला. तार जेथे छेडावी, त्या बिंदूवर ज्या उपस्वरांची शांत जागा पडते ते उठत नाहीत, हा नियम तेथेही तोच. जेमर्सनचा स्पंज आणि नरडाण्याची कणीक यांचे भौतिक कार्य एक नव्हे. स्पंज कंपन शमवतो, कणीक प्रामुख्याने भार देते. परंतु दोहोंमागचे तत्त्व एक आहे : नाद आघातापूर्वीच सिद्ध करून ठेवणे. पास्टोरियसची वाट डग्ग्याची : आघातानंतर नादाला वळवीत नेणे. खर्जवादनात या दोन वृत्ती जगभर दिसतात, आणि त्यांपैकी एकीच्या मापाने दुसरी मोजता येत नाही.

५

साहित्य आणि हात यांच्याइतकाच प्रबळ, पण दोन्ही पक्षांनी उपेक्षिलेला घटक म्हणजे स्थळ. खर्जाच्या बाबतीत तर तो निर्णायक ठरतो.

सेकंदाला ८० कंपनांचा नाद घेतला, तर हवेतील त्याच्या लहरीची लांबी चार मीटरांहून थोडी अधिक भरते. इतक्या लांब लहरींना दगडी मंदिराच्या सभामंडपात भिंतींचा आधार मिळतो. काही जागी त्या परस्परांना पुष्टी देतात आणि नाद घुमतो. कापडी मांडव त्यांना अडवत नाही; त्या सरळ शिवारात निघून जातात. त्यात मनुष्याचा कान मंद आवाजातील खर्ज ऐकण्यात मुळातच दुबळा आहे, हे फ्लेचर आणि मन्सन यांच्या १९३३ सालच्या प्रसिद्ध संशोधनापासून ज्ञात आहे. म्हणून मंदिरात भरदार वाटणारी धूम त्याच वादकाच्या हाती मांडवात पातळ वाटते. यात कोणाचा दोष नाही.

ध्वनिवर्धकाने प्रश्न सोडवला, असे वाटते. वस्तुतः त्याने त्याचे रूप बदलले. खेड्यांतील कीर्तनांत दीर्घकाळ कर्णे वापरले गेले. कर्ण्याच्या आकारामुळे एका मर्यादेखालचा खर्ज त्यातून बाहेर पडत नाही. मांडवाच्या टोकाला बसलेल्या श्रोत्यापर्यंत धुमेचा मूळ स्वर पोहोचतच नाही. पोहोचतात ते त्याचे उपस्वर आणि आघाताचा टणत्कार. उपस्वर एका पटीत असतील, तर कान त्यांवरून हरवलेल्या मूळ स्वराची कल्पना करून घेतो. म्हणजे कणीक नीट लागलेली असेल, तर कर्ण्यातूनही धुमेचा भास होतो. ती नीट लागलेली नसेल, तर केवळ ठोके ऐकू येतात. एका अर्थाने कर्णा हा कणकेचा कठोर परीक्षकच होय.

पुढे मोठ्या पेट्यांचे ध्वनिवर्धक आले आणि दोष उलट दिशेला गेला. एका बाजूचाच आवाज टिपणारा ध्वनिग्राहक धुमेच्या अगदी जवळ ठेवला की त्यात खर्ज अवाजवी फुगतो. तो पेट्यांतून आणखी फुगवला जातो, आणि धुमेची प्रत्येक थाप मागच्या थापेच्या घुमाऱ्यात मिसळते. खालच्या स्वरांत वरच्या स्वरांना झाकण्याची शक्ती असते. वरच्यांत खालच्यांना झाकण्याची तितकी नसते. त्यामुळे फुगलेला खर्ज प्रथम घास घेतो तो कीर्तनकाराच्या शब्दांचा. वारकरी कीर्तनात मृदंग हा अभंगाच्या सेवेसाठी आहे. शब्द बुडवणारा नाद कितीही भरदार असला, तरी तो त्या संदर्भात सदोषच मानला पाहिजे. येथे सौंदर्याचा प्रश्न औचित्याचा प्रश्न बनतो.

नरडाण्यात आणखी एक गोष्ट आहे. महामार्गावरील अवजड वाहने आणि लोहमार्गावरील मालगाड्या यांचा घरघराट मुख्यतः खर्जातलाच असतो, आणि तो धुमेच्या नादावर पसरतो. अशा वेळी वादकाची स्वाभाविक प्रवृत्ती जोराने मारण्याकडे होते. जोर वाढला की पंजा आखडतो, आघात बोटांच्या मुळांवर येतो, उपस्वर कर्कश होतात आणि थकवा लवकर येतो. ‘हात कडक आहे’ असा जो शेरा अशा वादकाला मिळतो, तो वर्णन म्हणून बरोबर आणि निदान म्हणून चूक असतो. कडकपणा हाताच्या घडणीत नसून ऐकू न येण्याच्या भीतीत आहे.

६

वरील विवेचनातून साहित्यवाद आणि हस्तवाद दोन्ही अपुरे ठरतात. पण त्यांची बेरीज केल्यानेही उत्तर मिळत नाही. साहित्य शक्यतांची मर्यादा आखते. हात त्या मर्यादेतून निवड करतो. स्थळ त्या निवडीचा श्रोत्यापर्यंत पोहोचणारा भाग ठरवते. या तिघांना जोडणारा जो घटक, तो वादकाचा कान. कणीक किती लावायची, हे कान सांगतो. ती वाळली, हे कानाला प्रथम कळते. मांडवात पंजा कसा पडावा आणि ध्वनिग्राहक किती दूर असावा, याचा निर्णयही तोच देतो. नाद हातात असतो हे म्हणणे अर्धे खरे आहे. हात आज्ञाधारक आहे. आज्ञा कोठून येते, हे पाहिले पाहिजे.

या दृष्टीने कणकेच्या प्रश्नाकडे पुन्हा पाहावे लागते. जेथे ताज्या कणकेऐवजी टिकाऊ लेपाची धूम किंवा सरळ डग्गाच साथीला घेतला जातो, तेथे सोय निश्चित होते. कणीक मळण्याचा वेळ वाचतो, वाळण्याची कटकट टळते, नाद सर्व वेळ सारखा राहतो. या सोयीला परंपरेच्या नावाने नाके मुरडणे योग्य नव्हे. शाईचा टिकाऊ लेपही एके काळी नवाच होता, आणि त्यावर उत्तम कला उभी राहिली. परंतु या बदलात काय गमावले जाते, याची नोंद समीक्षेने केली पाहिजे. नादाचा दर्जा अपरिहार्यपणे गमावला जातो, असे नाही. गमावला जातो तो एक पाठ. कणीक लावणारा विद्यार्थी प्रत्येक कीर्तनापूर्वी आपला खर्ज शून्यापासून तयार करतो; ऐकल्यावाचून त्याला पुढे जाताच येत नाही. तयार धुमेवर बसणारा विद्यार्थी ऐकल्यावाचून वाजवू शकतो. कणीक ही केवळ लेप नाही, ती कानाची रोजची परीक्षा आहे. ती परीक्षा काढून टाकावयाची असेल, तर तिच्या जागी दुसरी कोणती ठेवावयाची, याचा विचार शिकवणाऱ्यांनी केला पाहिजे. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापन केल्यापासून या परंपरेत शिक्षणाची शिस्त आहे. हा विचार त्या शिस्तीला परका नाही.

समीक्षकापुरते यातून एक कर्तव्य निष्पन्न होते. धूम कोरडी वाटली, तर लेखणी उचलण्यापूर्वी त्याने क्रमाने काही गोष्टी पाहाव्यात. कणीक आरंभी कशी होती आणि नंतर कशी राहिली? धूम शाईच्या षड्जाशी बसली होती काय? आघात पंजाचा होता की बोटांचा, मध्यावर की कडेला? आपण कोठे बसलो होतो, आणि आपल्यापर्यंत नाद हवेतून आला की कर्ण्यातून? आणि शेवटी, वादकाला आपला नाद बिघडल्याचे कळले काय, व कळल्यावर त्याने काही केले काय? पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे प्रतिकूल असूनही पाचव्याचे उत्तर होकारार्थी असेल, तर त्या वादकाला हात नाही असे म्हणण्याचा अधिकार समीक्षकाला नाही. त्याला कान आहे. हात त्याच्या मागून येईल. पहिली चारही उत्तरे अनुकूल आणि पाचवे मात्र नकारार्थी असेल, तर त्या दिवशीचा भरदार नाद हा पुडी भरणाऱ्याचा, हवेचा आणि जागेचा गुण समजावा. तो वादकाच्या नावावर जमा करू नये.